डीएसएलआर की खिशात मावणारा कॅमेरा? हर्णेच्या किनाऱ्यावर कोणता जास्त कामाला येतो?

दापोली तालुक्यातलं हर्णे हे फोटो काढणाऱ्यांचं आवडतं गाव आहे. समोर समुद्रात सुवर्णदुर्ग, किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला, बंदरात मासळीचा लिलाव आणि हिवाळ्यात कुरव पक्ष्यांचे थवे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने 'मराठा लष्करी स्थापत्य' म्हणून १२ किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतलं, त्यात सुवर्णदुर्गही आहे. त्यामुळे समाजमाध्यमांवर हर्णेचे फोटो आता आणखी दिसू लागले आहेत.

मग प्रश्न येतो कॅमेऱ्याचा. 'नवशिक्यांसाठी' म्हणून विकला जाणारा डीएसएलआर घ्यावा, की खिशात मावणारा छोटा डिजिटल कॅमेरा पुरेल? दोन्हींच्या खोक्यावर २० ते २४ मेगापिक्सेल असंच लिहिलेलं असतं. तरी एकाचं वजन दुसऱ्याच्या पाचपट, किंमतही बरीच जास्त. हे जास्तीचे पैसे नेमके कशाचे? हर्णेतल्या एका संध्याकाळीच्या कामावरून हे नीट समजून घेता येतं.

तुलना कोणत्या कॅमेऱ्यांची?

उदाहरणासाठी भारतात भरपूर खपलेले दोन कॅमेरे घेऊया. पहिला कॅननचा ईओएस १५००डी. हा २०१८ मध्ये आला. २४ मेगापिक्सेल, सोबत १८-५५ मिलिमीटरची लेन्स. या लेन्सला दुकानदार 'किट लेन्स' म्हणतात. दुसरा कॅननचाच आयएक्सयूएस १८५. हा २०१७ चा. २० मेगापिक्सेल, ८ पट ऑप्टिकल झूम. निकॉनचा डी३५०० आणि सोनीचा डब्ल्यू८३० हेही अनुक्रमे याच दोन गटांतले.

मुख्य फरक असे:

- वजन: १५००डी बॅटरी आणि कार्डासह ४७५ ग्रॅम, त्यावर किट लेन्सचे सुमारे २०० ग्रॅम. आयएक्सयूएस १८५ सगळं मिळून सुमारे १२६ ग्रॅम.
- सेन्सर: १५००डी मध्ये २२.३ × १४.९ मिमी. आयएक्सयूएस मध्ये सुमारे ६.२ × ४.६ मिमी.
- झूम: किट लेन्सने ३ पट, छोट्या कॅमेऱ्यात ८ पट.
- बॅटरी: ठरावीक चाचणीनुसार १५००डी एका चार्जवर सुमारे ५०० फोटो काढतो, आयएक्सयूएस सुमारे २१०. निकॉन डी३५०० तर १५५० पर्यंत जातो.
- लेन्स: डीएसएलआरची बदलता येते, छोट्या कॅमेऱ्याची नाही.
- रॉ फाइल: डीएसएलआरमध्ये मिळते, आयएक्सयूएस १८५ मध्ये मिळत नाही.

या यादीतली सगळ्यात महत्त्वाची ओळ सेन्सरची आहे.

मेगापिक्सेल सारखे, मग फरक कुठे?

सेन्सर म्हणजे कॅमेऱ्यातला प्रकाश टिपणारा भाग. पूर्वी जे काम फिल्म करायची, ते आता सेन्सर करतो. छोट्या कॅमेऱ्यांच्या माहितीपत्रकात सेन्सरचा आकार '१/२.३ इंच' असा दिलेला असतो. हे माप फसवं आहे. जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांतल्या नळ्यांच्या मापावरून आलेली ही पद्धत आहे आणि प्रत्यक्षातला सेन्सर त्याहून लहान असतो. लांबी-रुंदीचा गुणाकार केला तर छोट्या कॅमेऱ्यातला सेन्सर सुमारे २८ चौरस मिलिमीटर भरतो आणि १५००डी मधला सुमारे ३३२. म्हणजे जवळपास १२ पट.

पाऊस पडताना अंगणात एक परात आणि एक वाटी शेजारी शेजारी ठेवली, तर पाऊस दोन्हींवर सारखाच पडतो, पण परातीत पाणी कितीतरी जास्त साठतं. मोठ्या आणि लहान सेन्सरचं तसंच असतं. मुसळधार पावसात वाटीही चटकन भरते, त्यामुळे फरक जाणवत नाही. रिमझिम पावसात मात्र वाटीच्या तळाशी चार थेंब दिसतात.

दुपारचं ऊन म्हणजे मुसळधार पाऊस आणि सूर्य बुडाल्यानंतरचा उजेड म्हणजे रिमझिम. दोन्ही कॅमेऱ्यांची खरी परीक्षा या रिमझिमीत होते.

दुपारी चार: दोघांत फारसा फरक नाही

स्वच्छ उन्हात कनकदुर्गावरून समुद्र, दीपगृह किंवा बंदरातल्या होड्या टिपायच्या असतील, तर फोनच्या पडद्यावर दोन्ही फोटो जवळजवळ सारखे दिसतील. इन्स्टाग्रामवर उभा फोटो साधारणपणे १०८० × १३५० पिक्सेलमध्ये दिसतो. म्हणजे जेमतेम १५ लाख पिक्सेल. कॅमेरा २ कोटींचा असो की २ कोटी ४० लाखांचा, बघणाऱ्यापर्यंत पोहोचतात ते एवढेच. व्हॉट्सॲप तर फोटो आणखी दाबून पाठवतं.

किनाऱ्यावरच्या कडक उन्हात डीएसएलआरचा एक वेगळाच फायदा लक्षात येतो. छोट्या कॅमेऱ्याला डोळा लावून बघायची खिडकी नसते, फक्त मागचा पडदा असतो. पुळणीवरच्या झळाळीत तो पडदा धड दिसत नाही आणि फोटो अंदाजाने काढावा लागतो. डीएसएलआरच्या खिडकीतून थेट लेन्समधून आलेलं दृश्य दिसतं. ऊन कितीही असलं तरी चौकट नीट जुळवता येते.

सुवर्णदुर्ग आणि कुरव: लांबचं जवळ आणताना

किनाऱ्यावरून सुवर्णदुर्गाची तटबंदी मोठी दिसावी, किंवा होडीमागे घिरट्या घालणारा एकच कुरव टिपावा, असं वाटलं की झूम लागतो. इथे किट लेन्सवाल्या डीएसएलआरची निराशा होते. जुन्या ३५ मिमी फिल्मच्या हिशेबात सांगायचं, तर किट लेन्स ८८ मिमीपर्यंतच पोहोचते. खिशातला आयएक्सयूएस २२४ मिमीपर्यंत जातो. शेजारच्या पर्यटकाच्या इवल्याशा कॅमेऱ्यात किल्ल्याचे बुरूज मोठे दिसतात आणि आपल्या महागड्या कॅमेऱ्यात किल्ला समुद्रातल्या काळ्या पट्टीसारखा येतो, असा अनुभव अनेकांना येतो.

पण हिशेब इथेच संपत नाही. डीएसएलआरचा फोटो नंतर कापून तेवढाच भाग मोठा केला तर? ८८ वरून २२४ च्या चौकटीपर्यंत कापलं, की २४ मेगापिक्सेलमधले साधारण ३.७ उरतात. फोनवर दाखवायला १५ लाख पिक्सेल लागतात, इथे ३७ लाख शिल्लक आहेत. शिवाय झूमच्या टोकाला किट लेन्सचं प्रकाशाचं छिद्र सुमारे ९.८ मिमी रुंद उघडतं, छोट्या कॅमेऱ्याचं सुमारे ५.८ मिमी. त्यामुळे त्याच पक्ष्याकडून आलेला प्रकाश डीएसएलआर जवळपास तिप्पट गोळा करतो. म्हणजे कापलेला फोटोही समाजमाध्यमांसाठी छोट्या कॅमेऱ्याच्या तोडीचा निघतो, उजेड कमी असेल तर सरसही ठरतो.

छपाईचं गणित मात्र उलटं आहे. चांगल्या दर्जाच्या छपाईसाठी इंचाला ३०० पिक्सेल धरतात. त्या हिशेबाने कापलेला ३७ लाखांचा फोटो साधारण ८ × ५ इंचांपर्यंत चांगला छापता येतो. भिंतीवर लावायला मोठा फोटो हवा, तर डीएसएलआरला ५५-२५० मिमीसारखी दुसरी लेन्स घ्यावी लागते. म्हणजे वेगळा खर्च आणि पिशवीत आणखी वजन.

उडत्या पक्ष्यासाठी वेगही लागतो. बटण दाबणं आणि फोटो निघणं यांत छोट्या कॅमेऱ्यात जाणवेल इतका उशीर होतो, तोवर कुरव चौकटीबाहेर गेलेला असतो. १५००डी सेकंदाला ३ आणि डी३५०० सेकंदाला ५ फोटो सलग काढतो. क्रीडा छायाचित्रकारांच्या कॅमेऱ्यांपुढे हे काहीच नाही, पण पक्षी चौकटीत सापडायला पुरतं.

सूर्यास्त: किल्ल्यामागचा उजेड

हर्णेचा किनारा पश्चिमेकडे आहे. त्यामुळे संध्याकाळी उजेड समोरून येतो. आकाश लखलखीत आणि किल्ला, होड्या, माणसं सावलीत. कोणत्याही कॅमेऱ्याला हे अवघड जातं. आकाश सांभाळलं तर किल्ला काळा पडतो, किल्ला उजळला तर आकाश पांढरं फटक होतं.

मोठा सेन्सर उजेड आणि सावली यांतलं जास्त अंतर एकाच फोटोत सामावून घेतो. डीएसएलआरवर फोटो रॉ फाइलमध्ये काढला, तर नंतर फोनवर किंवा संगणकावर सावलीतला भाग बराच उजळवता येतो. जेपेग फाइलमध्ये कॅमेऱ्याने बरीचशी माहिती आधीच टाकून दिलेली असते. आयएक्सयूएस १८५ फक्त जेपेगच देतो. ती उजळवायला गेलं की सावलीत रंगीत ठिपके आणि डाग दिसू लागतात. किल्ला काळाच ठेवून नुसती आकृती दाखवायची असेल, तर मात्र दोन्ही कॅमेरे चालतात.

लिलाव: खरी कसोटी

हर्णे बंदरातला संध्याकाळचा मासळी लिलाव प्रसिद्ध आहे. होड्यांतून टोपल्या किनाऱ्यावर येतात, पापलेट, सुरमई, कोळंबी, म्हाकूल यांचे ढीग लागतात आणि भोवती कोंडाळं करून बोली सुरू होते. उजेड उतरत असतो आणि समोर काहीच स्थिर नसतं. हात हलतात, टोपल्या उचलल्या जातात, माणसं वाट काढत जातात.

हलती माणसं स्पष्ट यायची तर शटर कमी वेळ उघडं ठेवावं लागतं. तेवढ्या वेळात प्रकाश कमी मिळतो. ती कसर कॅमेरा आयएसओ वाढवून, म्हणजे मिळालेला संकेत मोठा करून भरून काढतो. संकेत मोठा करताना त्यातला गोंगाटही मोठा होतो आणि फोटोवर वाळूसारखे कण दिसतात. आयएक्सयूएसचा आयएसओ १६०० वरच थांबतो आणि तिथे मासळीचे खवले, चेहऱ्यावरच्या रेषा पुसट होतात. १५००डी १६०० ला आरामात चालतो, ३२०० लाही समाजमाध्यमांसाठी चांगला फोटो देतो. परात आणि वाटीचा फरक इथे डोळ्यांना दिसतो.

फ्लॅश मारला तर? छोट्या कॅमेऱ्याचा फ्लॅश काही मीटरपर्यंतच पोहोचतो. समोरची मासळी पांढरी पडते, मागची गर्दी काळोखात जाते. ओल्या मासळीवरून तो परत चमकतो. शिवाय व्यवहार चालू असताना तोंडावर फ्लॅश कुणालाच आवडत नाही.

छोट्या कॅमेऱ्याची एक बाजू इथे जमेची आहे. त्याच्या फोटोत जवळचं आणि लांबचं दोन्ही एकदम स्पष्ट येतं. पुढे टोपली, मागे होड्या, त्यामागे किल्ला असा फोटो सहज निघतो. डीएसएलआरवर मागचा भाग धूसर होतो. एका चेहऱ्याकडे लक्ष वेधायचं असेल तर हे छान, पण सगळं दृश्य दाखवायचं असेल तर छिद्र बारीक करावं लागतं आणि पुन्हा प्रकाश कमी पडतो.

दुसरी गोष्ट माणसांची. मोठा कॅमेरा रोखला की लोक सावध होतात, तोंड फिरवतात. छोट्या कॅमेऱ्याकडे कमी लक्ष जातं. पण म्हणून लपून फोटो काढणं बरोबर नाही. हा त्यांच्या रोजच्या पोटापाण्याचा व्यवहार आहे. मासे विकणाऱ्या मावशींचा जवळून फोटो हवा असेल, तर आधी विचारावं आणि बोली चालू असताना वाटेत उभं राहू नये. हा नियम दोन्ही कॅमेऱ्यांना सारखाच लागू आहे.

दरवर्षी १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारी बंद असते. फक्त लिलावाचे फोटो काढण्यासाठी या दोन महिन्यांत हर्णे गाठण्यात अर्थ नाही.

वाळू, खारं वारं आणि बुरशी

किनाऱ्यावर दोन्ही कॅमेरे धोक्यात असतात. या किमतीतल्या कोणत्याच कॅमेऱ्याला पाणी किंवा धूळ रोखणारी बांधणी नसते. पण धोका वेगवेगळ्या जागी असतो.

डीएसएलआरची लेन्स पुळणीवर बदलली, तर वाळू आणि खारट तुषार थेट आत जातात. सेन्सरवर धूळ बसली की प्रत्येक फोटोत आकाशात त्याच जागी डाग दिसतो. म्हणून लेन्स खोलीत किंवा बंद गाडीतच बदलावी. छोट्या कॅमेऱ्याची लेन्स चालू करताना बाहेर येते आणि बंद करताना आत जाते. त्या नळ्यांच्या फटीत वाळूचा एक कण अडकला, तर लेन्स अर्ध्यावर थांबते. असा कॅमेरा दुरुस्त करायला अनेकदा नवा घेण्याइतकाच खर्च येतो. वाळूने भरलेल्या खिशात छोटा कॅमेरा टाकणं ही म्हणूनच सगळ्यात वाईट सवय.

सुवर्णदुर्गावर होडीने जाताना लाटांचे तुषार उडतात आणि उतरताना गुडघाभर पाण्यात पाय टाकावा लागू शकतो. कॅमेरा घट्ट बंद होणाऱ्या प्लॅस्टिक पिशवीत ठेवावा. परत आल्यावर आधी हवेच्या पंपाने वाळू उडवावी, मग किंचित ओलसर मऊ फडक्याने मीठ पुसावं. तोंडाने फुंकर मारू नये, थुंकीचे थेंब काचेवर बसतात.

कोकणातल्या पावसाळ्यात लेन्सवर बुरशी धरते. कॅमेरा कपाटात चामड्याच्या पिशवीत महिनोन्महिने ठेवणं घातक आहे. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवावा आणि अधूनमधून वापरावा. लेन्स जास्त असतील तितकी ही जबाबदारी वाढते, हेही खरेदीच्या वेळी लक्षात घ्यावं.

मग फोन काय वाईट?

हा प्रश्न टाळता येत नाही. आजच्या कित्येक मध्यम किमतीच्या फोनांतला मुख्य सेन्सर १/२.३ इंचापेक्षा मोठा असतो. शिवाय फोन एकामागोमाग अनेक फोटो काढून ते एकत्र करतो. त्यामुळे लिलावाच्या उजेडात चांगला फोन छोट्या कॅमेऱ्याला सहज मागे टाकतो. व्हिडिओतही तेच. आयएक्सयूएस १८५ फक्त ७२० रेषांचा व्हिडिओ घेतो, त्यात वाय-फायही नाही. फोटो फोनवर आणायला कार्ड रीडर लागतो. १५००डी मध्ये वाय-फाय आहे.

तरीही छोट्या डिजिटल कॅमेऱ्यांची आवड पुन्हा वाढते आहे. तरुणांना त्यांच्या फ्लॅशचा तो भडक, २००५ च्या आसपासच्या फोटोंसारखा रंग आवडतो. मागणी पाहून कॅननने २०१६ चा आयएक्सयूएस २८५ एचएस थोडा बदल करून २०२५ मध्ये पुन्हा बाजारात आणला. हौस म्हणून घ्यायचा तर काहीच हरकत नाही. मात्र 'फोनपेक्षा चांगले फोटो येतील' या अपेक्षेने घेतला, तर खरा फायदा एकच, ऑप्टिकल झूम.

डीएसएलआरच्या बाबतीत वेगळी अडचण आहे. कंपन्यांचं लक्ष आरसा नसलेल्या मिररलेस कॅमेऱ्यांकडे वळलं आहे. निकॉनने डी३५०० बनवणं बंद केलं आहे. त्यामुळे वापरलेले डीएसएलआर बाजारात भरपूर मिळतात आणि शिकणाऱ्यासाठी तोच किफायतशीर रस्ता आहे. वापरलेला कॅमेरा घेताना तीन गोष्टी बघाव्यात. आतापर्यंत शटर किती वेळा उघडलं आहे. लेन्समधून टॉर्चचा उजेड टाकल्यावर आत जाळ्यासारखी बुरशी दिसते का. आणि छिद्र बारीक करून मोकळ्या आकाशाचा फोटो काढल्यावर त्यात डाग येतात का. समुद्रकाठी वापरलेला कॅमेरा असेल, तर बॅटरीच्या कप्प्यात गंज आहे का तेही बघावं.

कोणी काय घ्यावं?

- फक्त स्टेटस आणि स्टोरीसाठी फोटो हवे असतील, तर चांगला फोन पुरेसा आहे. पैसे वाचवा.
- फोन साधा आहे, दिवसाउजेडी सहल आणि लांबचं जवळ दिसायला हवं, कॅमेरा घरातल्या कुणालाही हाताळता यायला हवा, तर खिशातला कॅमेरा ठीक.
- फोटोग्राफी शिकायची आहे, संध्याकाळचे, माणसांचे, पक्ष्यांचे फोटो आवडतात आणि पाऊण किलो वजन गळ्यात बाळगायची तयारी आहे, तर डीएसएलआर.
- घरगुती निवास किंवा खानावळ चालवणाऱ्यांना खोल्यांचे आणि ताटांचे फोटो लागतात. खोलीत उजेड कमी असतो, म्हणून त्यांनाही डीएसएलआरचा उपयोग जास्त. त्यासोबत एक साधा तिपायी स्टँड घेतला की काम भागतं.

निर्णय अजूनही होत नसेल, तर दुकानात जाण्याआधी एक साधी तपासणी करता येते. फोनमधले गेल्या दोन-तीन सहलींचे फोटो उघडा आणि बिघडलेले वेगळे काढा. त्यातले बरेच अंधारामुळे किंवा हलल्यामुळे बिघडले असतील, तर तुम्हाला मोठा सेन्सर हवा आहे. बरेच झूम केल्यामुळे फाटले असतील, तर तुम्हाला लांबची लेन्स हवी आहे, मग ती खिशातल्या कॅमेऱ्यातली असो की डीएसएलआरची दुसरी. आणि बिघडलेले फारसे सापडलेच नाहीत, तर नवा कॅमेरा घेण्याची घाई नाही.